लूट बॉक्सविरुद्ध आवाज उठवायचा तर: हिशोब, पुरावा आणि मागणी

लूट बॉक्स म्हणजे पैसे देऊन उघडायची पेटी, जिच्यातून काय निघेल ते नशिबावर असतं. गेमच्या दुकानावर खेळाडू चिडतात हे कंपन्यांना नवं नाही. एप्रिल २००६ मध्ये बेथेस्डा या कंपनीने 'ऑब्लिव्हियन' या गेममधल्या घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकायला काढलं तेव्हाही भरपूर आरडाओरडा झाला, आणि चिलखत विकलंही गेलं. नुसता राग कंपनी सहज सोसते. थोडे दिवस कळ काढली की पुढचं अपडेट येतं आणि लोकांचं लक्ष तिकडे वळतं, हे तिला ठाऊक असतं. जिथे कंपनीला खरोखर मागे सरावं लागलं, तिथे खेळाडूंनी बहुतेक वेळा आकडे मांडले होते, वेळ साधली होती, आणि 'स्वस्त करा' यापेक्षा 'ही पद्धतच काढा' असं म्हटलं होतं. हे कसं करायचं ते इथे सविस्तर दिलं आहे.

नेमकं काय खटकतंय ते आधी ठरवा

'कंपनी लोभी आहे' हे वाक्य कोणत्याही तक्रारीत कामाचं नाही, कारण त्यावर कंपनीला करण्यासारखं काहीच उरत नाही. तक्रार नेमकी हवी. नुसती दिसायला वेगळी असलेली स्किन (पात्राचं किंवा शस्त्राचं बाह्यरूप) ठरलेल्या किमतीला थेट विकली, तर आक्षेप फार तर किमतीवर घेता येतो. तीच स्किन पेटीत टाकून नशिबावर सोडली, तर आक्षेप पद्धतीवर येतो. पेटीतून शस्त्राची ताकद किंवा नुकसान कमी करणारं कार्ड निघत असेल, तर पैसे न देणाऱ्याचा सामनाच असमान होतो आणि ही सगळ्यात गंभीर बाब आहे. मुदतीच्या ऑफर, घड्याळ लावलेलं दुकान, 'पुन्हा मिळणार नाही' अशी भीती दाखवणं हा आणखी वेगळा प्रकार.

एक प्रकार मात्र सहज नजरेतून सुटतो: वेळ विकणं. गेममध्ये काम जाणूनबुजून संथ करायचं आणि तो संथपणा टाळण्याचे पैसे घ्यायचे. मार्च २०२२ मध्ये 'ग्रॅन टुरिस्मो ७'च्या १.०७ अपडेटमध्ये बऱ्याच शर्यतींची बक्षिसं कमी झाली. गाड्या त्याच, त्यांच्या किमती त्याच, पण त्या कमवायला लागणारे तास वाढले, आणि शेजारीच खऱ्या पैशांनी क्रेडिट विकत घेण्याचं बटण होतं. अशा वेळी 'मायक्रोट्रान्झॅक्शन (गेममधली छोटी-छोटी खरेदी) नकोत' असं ओरडण्यापेक्षा 'अमुक शर्यतीचं बक्षीस आधी इतकं होतं, आता इतकं आहे' असं लिहिलेलं जास्त लागतं. खेळाडूंनी तसंच केलं. दिग्दर्शक काझुनोरी यामाउची यांनी माफी मागितली, दहा लाख क्रेडिट सगळ्यांना दिले गेले आणि एप्रिलच्या अपडेटमध्ये बक्षिसं वाढवली गेली.

खरी किंमत काढा

दुकानातली किंमत हिरे, नाणी किंवा क्रिस्टलमध्ये लिहिलेली असते, त्यामुळे पहिलं काम म्हणजे ती खऱ्या पैशांत आणणं. इथे भागाकार करून थांबू नका. समजा वस्तू १,२०० नाण्यांची आहे आणि नाणी १,००० किंवा २,८०० च्याच पाकिटात मिळतात. तुम्हाला १,००० ची दोन पाकिटं घ्यावी लागतील आणि ८०० नाणी अंगावर उरतील. वस्तूची किंमत म्हणजे त्या दोन पाकिटांची पूर्ण रक्कम, कारण खात्यातून तेवढेच पैसे गेले. उरलेली ८०० नाणी पुढच्या खरेदीचं आमिष म्हणून ठेवलेली असतात. तक्रारीत हाच आकडा लिहा.

नशिबाच्या पेटीचा हिशोब थोडा वेगळा आहे, आणि बहुतेक लोक इथेच चुकतात. '१ टक्का शक्यता म्हणजे १०० पेट्यांत एक नक्की' हा समज पूर्ण चुकीचा आहे. हवी ती वस्तू न निघण्याची शक्यता ०.९९ असेल, तर ती जितक्या पेट्या तितक्या वेळा स्वतःशी गुणायची आणि आलेली संख्या १ मधून वजा करायची. फोनमधल्या कॅल्क्युलेटरच्या सायंटिफिक भागात घाताचं बटण असतं, त्याने हे एका ओळीत होतं. ०.९९ चा १०० वा घात सुमारे ०.३६६ येतो. म्हणजे १०० पेट्या उघडूनही जवळपास ३७ टक्के लोकांच्या हाती काही लागत नाही. निम्मी शक्यता गाठायला ६९ पेट्या लागतात, ९० टक्के गाठायला २३०, आणि ९९ टक्के गाठायला ४५९. कंपनी '१ टक्का' एवढंच सांगते. हे तीन आकडे तुम्ही सांगायचे.

'काउंटर-स्ट्राइक' या नेमबाजीच्या गेममधल्या केसचं (विकत घेतलेल्या किल्लीने उघडायच्या पेटीचं) उदाहरण घ्या. चीनमध्ये मे २०१७ पासून शक्यता जाहीर करणं सक्तीचं झाल्यावर हे आकडे बाहेर आले: सुरी किंवा हातमोजे असलेला सर्वांत दुर्मीळ गट ०.२६ टक्के, आणि सगळ्यात खालचा निळा गट ७९.९२ टक्के. ०.२६ टक्क्यांनी अशा एका वस्तूमागे सरासरी ३८५ केस येतात. किल्लीचा दर २.४९ डॉलर धरला तर नुसत्या किल्ल्यांचेच ९५८ डॉलर होतात. आणि ३८५ केस उघडल्यावरही सुरी न मिळण्याची शक्यता तशीच ३७ टक्क्यांच्या आसपास राहते.

'गेन्शिन इम्पॅक्ट'सारख्या गचा गेममध्ये (जिथे पात्रं आणि वस्तू नशिबाच्या सोडतीतून निघतात) ठराविक प्रयत्नांनंतर वस्तू हमखास मिळते. याला खेळाडू 'पिटी' म्हणतात. तिथे सरासरीपेक्षा सगळ्यात वाईट परिस्थितीचा हिशोब मांडणं प्रामाणिक ठरतं. पाच तारे असलेलं पात्र निघण्याची मूळ शक्यता ०.६ टक्के, ९० व्या प्रयत्नापर्यंत हमी. पण पहिल्यांदा निघालेलं पात्र तुम्हाला हवं तेच असेल असं नाही. ते चुकलं तर पुढचं हमखास बॅनरवरचं, म्हणजे त्या मुदतीच्या सोडतीत पुढे केलेलं. म्हणजे सगळ्यात वाईट धरलं तर १८० प्रयत्न. एका प्रयत्नाला १६० प्रिमोजेम (गेममधलं चलन), एकूण २८,८००. सगळ्यात मोठं पाकीट ९९.९९ डॉलरचं, त्यात बोनससकट ८,०८०. अशी तीन पाकिटं घेतली तरी ४,५६० कमी पडतात. ते भरायला ४९.९९ चं एक आणि १४.९९ चं एक. बेरीज सुमारे ३६५ डॉलर, एका पात्राच्या एका प्रतीसाठी. पहिल्या खरेदीवर मिळणारा दुप्पट बोनस आणि खेळून फुकट मिळणारे प्रिमोजेम यात धरलेले नाहीत, आणि हे तुमच्या पोस्टमध्ये स्पष्ट लिहायलाच हवं. नाहीतर पहिल्याच उत्तरात कोणीतरी तेवढी एक गोष्ट दाखवून देईल आणि पुढे सगळी चर्चा तुमच्या हिशोबावरच होत राहील.

गटाची शक्यता आणि वस्तूची शक्यता यांतही गल्लत करू नका. ॲपलचा डिसेंबर २०१७ पासूनचा नियम 'प्रत्येक प्रकारच्या वस्तूची' शक्यता खरेदीआधी दाखवा असं म्हणतो. 'लेजंडरी २ टक्के' लिहिलं की तो पाळला गेला असं कंपनी म्हणू शकते. पण त्या गटात सारख्या वजनाच्या ४० वस्तू असतील तर तुम्हाला हव्या त्या एकीची शक्यता ०.०५ टक्के, म्हणजे दोन हजारांत एक. गटात किती वस्तू आहेत ते मोजा आणि भागाकार करून लिहा.

वेळेचा हिशोब सोपा आहे, पण मोजणी नीट हवी. निदान दहा सामने खेळा, प्रत्येकाला मिळालेलं चलन आणि लागलेला वेळ लिहा. वेळ लॉबीत (सामना सुरू व्हायची वाट पाहायच्या जागेत) शिरल्यापासून मोजा, कारण लोडिंग आणि वाट पाहणं हाही तुमचाच वेळ आहे. हरलेले सामने वगळू नका. 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २' च्या वेळी नोव्हेंबर २०१७ मध्ये एका खेळाडूने असाच हिशोब मांडला: डार्थ व्हेडर ६०,००० क्रेडिटला, आणि तेवढे जमवायला सुमारे ४० तास. पूर्ण पैसे देऊन घ्यायच्या गेममध्ये मालिकेतलं सगळ्यात ओळखीचं पात्र ४० तास कुलूपबंद आहे हे एका वाक्यात सगळ्यांना कळलं. पुढच्या सगळ्या वणव्याची ठिणगी तो आकडा होता.

जाहीर केलेली शक्यता खरी आहे का

हा आरोप करायचा तर फार जपून. ३०० पेट्यांत १ टक्क्याची वस्तू एकदाही न निघणं ही घटना साधारण ५ टक्के लोकांच्या बाबतीत निव्वळ योगायोगाने घडणारच. लाखो खेळाडू असलेल्या गेममध्ये असे हजारो लोक असतात, आणि पोस्ट तेच टाकतात. एकट्याच्या दुर्दैवाने काहीही सिद्ध होत नाही.

काही सिद्ध करायचं तर मोठा नमुना लागतो. शक्यता १ टक्का असेल तर १,००० पेट्यांत १० अपेक्षित, पण योगायोगाने ४ ते १६ पर्यंत काहीही येऊ शकतं. म्हणजे खरी शक्यता निम्मी असली आणि ५ च निघाल्या, तरी तुम्हाला ठामपणे काही म्हणता येणार नाही. १०,००० पेट्यांत १०० अपेक्षित आणि ८० ते १२० ही साधारण मर्यादा. तिथे ५० निघाल्या तर मात्र प्रश्न विचारायला भक्कम जागा आहे.

हे काम गटाने करायचं असतं. एक सामायिक शीट बनवा: तारीख, गेमची आवृत्ती, सर्व्हर, पेटीचं नाव, किती उघडल्या, काय निघालं. सगळ्यात महत्त्वाचा नियम असा की मोजणीत भाग घेणाऱ्याने पेट्या उघडण्याआधी नाव नोंदवायचं आणि नंतर जे निघेल ते सगळं भरायचं. 'तुमचे आकडे टाका' असं नंतर आवाहन केलं तर फार भाग्यवान आणि फार चिडलेले एवढेच येतात, मधले येत नाहीत, आणि शीट निरुपयोगी होते. पेट्या उघडतानाचं स्क्रीन रेकॉर्डिंग मागा. मोजणीसाठी कोणालाही जास्तीचे पैसे खर्च करायला लावू नका. गेममध्ये फुकट मिळणाऱ्या पेट्यांची शक्यता तीच असल्याचं लिहिलेलं असेल, तर त्या वापरा.

'गेन्शिन'मध्ये ७४ व्या प्रयत्नाच्या आसपास शक्यता झपाट्याने वाढते, हे खेळाडूंनी अशाच सामायिक नोंदींतून शोधून काढलं. आणि कोरियात 'मेपलस्टोरी'च्या खेळाडूंचा 'क्यूब' या, साधनाचे गुण नशिबावर बदलणाऱ्या वस्तूबद्दलचा संशय खरा ठरला. २०२१ मध्ये दबावाखाली गेमची कंपनी नेक्सॉनने शक्यता जाहीर केल्या तेव्हा गुणांच्या काही तिहेरी जोड्या मुळात निघूच शकत नव्हत्या हे उघड झालं. लोक त्या जोड्यांसाठी वर्षानुवर्षं पैसे टाकत होते. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या स्पर्धा आयोगाने कंपनीला ११.६ अब्ज वॉनचा दंड ठोठावला.

पुरावा त्याच दिवशी जपा

दुकानाच्या किमती सर्व्हरवरून बदलतात. अपडेट डाउनलोड करावं लागत नाही, पॅच नोट्समध्ये (अपडेटमधल्या बदलांच्या यादीत) ओळही येत नाही. म्हणून आज जे दिसतंय ते आजच साठवा. दुकानाचा पूर्ण स्क्रीनशॉट, शक्यता दाखवणारं पान, चलनाच्या पाकिटांची यादी आणि खरेदीआधी येणारा शेवटचा पडदा. स्क्रीनशॉट कापू नका. कोपऱ्यातला आवृत्ती क्रमांक आणि तारीख दिसली पाहिजे. खरेदीचं बटण फसवं असेल, जसं की एकदा दाबलं की न विचारता पैसे कापले जातात, तर चित्राने भागत नाही, रेकॉर्डिंगच हवं. कंपनीचं वेबपान असेल तर ते वेब आर्काइव्हवर साठवून त्याची लिंक ठेवा. जुनी जाहिरात, 'आमच्या गेममध्ये लूट बॉक्स नसतील' अशी मुलाखत, स्टोअरवरचं वर्णन हेही जमवा. दिलेला शब्द आणि आजचं दुकान शेजारी ठेवलं की फार बोलावं लागत नाही.

मागणी किमतीची नको, पद्धतीची करा

'बॅटलफ्रंट २' चा प्रसंग इथे बारकाईने पाहण्यासारखा आहे. गेमची कंपनी ईएच्या प्रतिनिधीने रेडिटवर लिहिलं की पात्रं कमवण्यात खेळाडूंना अभिमान आणि कर्तृत्वाची भावना मिळावी हा हेतू आहे. त्या उत्तराला साडेसहा लाखांहून जास्त डाउनव्होट (नापसंतीची मतं) पडले. कंपनीने लगेच पात्रांच्या किमती ७५ टक्क्यांनी उतरवल्या. ६०,००० चा व्हेडर १५,००० ला आला. मथळे छापून आले, आणि बऱ्याच जणांना वाटलं जिंकलो. पण खेळाडूंनी तपासलं तेव्हा दिसलं की कथा पूर्ण केल्यावर मिळणारं क्रेडिटचं बक्षीसही २०,००० वरून ५,००० वर आणलं होतं. शिवाय ताकद वाढवणारी स्टार कार्डं पैशांच्या पेट्यांत तशीच होती.

विरोध तिथे थांबला असता तर गेम तशाच अवस्थेत बाजारात आला असता. खेळाडूंनी पेटीतून ताकद विकण्यावरच बोट ठेवलं, म्हणून १७ नोव्हेंबरच्या प्रकाशनाच्या काही तास आधी खऱ्या पैशांची खरेदी बंद झाली, आणि मार्च २०१८ च्या बदलात स्टार कार्डं पेट्यांतून पूर्णपणे बाहेर काढली गेली. कार्डं खेळूनच मिळू लागली.

तुमची मागणी एका वाक्याची आणि तपासता येईल अशी असावी. 'सामन्यावर परिणाम करणारी कोणतीही वस्तू पैशांच्या पेटीत नको' ही मागणी पाळली की नाही ते कोणीही दुकान उघडून सांगू शकतं. 'खेळाडूंचा आदर करा' या मागणीचं तसं नाही. पेटी पूर्ण काढायला लावणं शक्य वाटत नसेल तर निदान कमाल मर्यादा मागा: इतक्या प्रयत्नांनंतर वस्तू हमखास, आणि तो आकडा पडद्यावर सतत दिसता. २०१६ च्या सुरुवातीला जपानमध्ये 'ग्रॅनब्लू फँटसी'वर असाच गदारोळ उठला आणि त्यातून ३०० प्रयत्नांची मर्यादा आली. ३०० ही काही थोडकी संख्या नाही. पण खर्चाला आता कुठेतरी शेवट होता, आणि मर्यादा असणं आणि अजिबात नसणं यात फार मोठा फरक आहे.

वेळ साधा

कंपनी सगळ्यात हळवी असते ती प्रकाशनाआधीच्या दोन आठवड्यांत, आणि चालू गेमच्या बाबतीत नव्या सीझनच्या घोषणेपासून तो सुरू होईपर्यंत. 'एपेक्स लेजंड्स'ने ८ जुलै २०२४ रोजी जाहीर केलं की यापुढे एका सीझनमध्ये दोन बॅटल पास (खेळत गेल्यावर बक्षिसं उघडत नेणारे मुदतीचे पास) असतील आणि प्रीमियम पास गेममधल्या नाण्यांनी घेता येणार नाही, खरेच पैसे लागतील. नाणी साठवून दर सीझनला पास घेणाऱ्यांचा रस्ताच बंद होणार होता. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर नकारात्मक रिव्ह्यूंचा पूर आला, आणि २४ जुलैला, नवा सीझन सुरू व्हायच्या आत, कंपनीने ९५० नाण्यांचा पर्याय परत दिला. हाच विरोध सीझन अर्धा झाल्यावर सुरू झाला असता तर तोवर लाखोंनी पास घेतलेले असते आणि कंपनीला परतफेडीचा प्रश्न पुढे करता आला असता.

उलट बाजूही लक्षात ठेवा. काही कंपन्या दुकान मुद्दाम उशिरा आणतात. 'क्रॅश टीम रेसिंग नायट्रो-फ्युएल्ड' जून २०१९ मध्ये आला, समीक्षा छापून झाल्या, आणि ऑगस्टमध्ये खऱ्या पैशांची नाणी विकायला आली. म्हणून पहिल्या आठवड्यात लिहिलेल्या रिव्ह्यूकडे दोन-तीन महिन्यांनी परत जा आणि तो बदला.

रिव्ह्यू असा लिहा की मोजला जाईल

स्टीम मार्च २०१९ पासून विषयाबाहेरच्या रिव्ह्यूंची लाट ओळखते आणि त्या काळातले सगळेच रिव्ह्यू, तुमचा प्रामाणिक रिव्ह्यूसुद्धा, गेमच्या मूळ स्कोअरमधून वगळते. डीआरएम (नक्कल रोखणारं कुलूप) आणि वापराच्या अटींबद्दलच्या तक्रारी स्टीमची कंपनी वाल्व विषयाबाहेर धरते हे तिने तेव्हाच स्पष्ट केलं होतं. त्यामुळे कंपनीच्या धोरणावर भाषण देऊ नका, खेळावर काय परिणाम होतो ते लिहा. 'अमुक स्तरानंतर प्रगतीचा वेग निम्मा होतो आणि तिथेच बूस्टरची जाहिरात येते' हे वाक्य गेमबद्दलच आहे. ते विषयाबाहेर आहे असं कोणी म्हणू शकत नाही. एका शब्दाचे, चित्रांचे, नक्कल करून चिकटवलेले रिव्ह्यू टाळा. गेम बाहेरून घेतलेल्या कीने (सांकेतिक क्रमांकाने) सक्रिय केला असेल तर तुमचा रिव्ह्यू दिसतो, पण स्कोअरमध्ये धरला जात नाही.

मोबाइल स्टोअरवर तारे दिलेच पाहिजेत, पण तिथे पहिल्या दोन ओळीच वाचल्या जातात. आकडा तिथेच टाका.

पैसे थांबवणं आणि परत मागणं

ठराविक आठवडा खर्च न करण्याचे बहिष्कार सहसा फुकट जातात, कारण लोक तीच खरेदी आठवड्याने करतात आणि महिन्याच्या ताळेबंदात काहीच दिसत नाही. बहिष्कार घालायचा तर मुदतीच्या गोष्टीवर घाला: एक पूर्ण सीझनचा पास, एक पूर्ण बॅनर. ती विक्री परत येत नाही. पैसे न देणाऱ्यांनीही खेळणं थांबवलं तर त्याचा परिणाम होतो, कारण मोठा खर्च करणाऱ्यांना खेळायला समोर माणसं लागतात. 'ईव्ह ऑनलाइन' या अंतराळातल्या ऑनलाइन गेममध्ये जून २०११ मध्ये पात्राच्या साठेक डॉलरच्या चष्म्यावरून पेटलेल्या वादात खेळाडूंनी सदस्यत्वं रद्द केली आणि जिता या बाजारकेंद्रातल्या स्मारकावर जहाजांनी मारा सुरू ठेवला. खेळाडूंनीच निवडून दिलेल्या परिषदेला गेमची कंपनी सीसीपीने आइसलंडला तातडीने बोलावून घेतलं, आणि सामन्यात फायदा देणाऱ्या वस्तू विकणार नाही असं लेखी आलं.

स्वतःच्या उपकरणावर आधी एवढं करा: साठवलेलं कार्ड काढून टाका, प्रत्येक खरेदीला पासवर्ड सक्तीचा करा, दुकानाच्या नोटिफिकेशन बंद करा. ठरवलेली मर्यादा वारंवार ओलांडली जात असेल, गेलेले पैसे भरून काढायला आणखी पेट्या उघडल्या जात असतील किंवा खर्च घरच्यांपासून लपवला जात असेल, तर हा इच्छाशक्तीचा प्रश्न समजू नका. झेंडल आणि केर्न्स यांनी २०१८ मध्ये ७,४२२ खेळाडूंच्या पाहणीत लूट बॉक्सवरचा खर्च आणि जुगाराची समस्या यांचा संबंध दाखवला होता. जुगाराच्या व्यसनावर जे समुपदेशन मिळतं तेच इथेही मागावं.

रिफंडच्या मुदती कडक असतात. स्टीमवर गेम १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर परत करता येतो. गेममधल्या खरेदीला वाल्वच्या स्वतःच्या गेममध्ये ४८ तास, तेही वस्तू वापरलेली नसेल तर. इतर कंपन्यांच्या गेममध्ये ही सोय ठेवायची की नाही ते त्या कंपन्या ठरवतात. गूगल प्लेवर पहिल्या ४८ तासांत गूगलकडे मागा, नंतर थेट डेव्हलपरकडे. ॲपलची समस्या नोंदवण्याची वेगळी साइट आहे. अर्जात 'आवडलं नाही' लिहू नका. 'खरेदीआधी शक्यता दाखवली नव्हती', 'पुष्टीचा पडदा आला नाही', 'वर्णनात लिहिलेली वस्तू मिळाली नाही' असं कारण आणि सोबत पुरावा द्या. बँकेकडून व्यवहार उलटवणं हा शेवटचा उपाय ठेवा, कारण त्यानंतर खातं बंद होण्याचा धोका खरा आहे. 'फोर्टनाइट'च्या एपिक कंपनीने असे व्यवहार उलटवणाऱ्यांची खाती बंद केली, हा अमेरिकेच्या एफटीसी या व्यापार आयोगाच्या तक्रारीतला एक मुद्दाच होता. फसव्या बटणांच्या त्या प्रकरणात डिसेंबर २०२२ मध्ये एपिकला २४.५ कोटी डॉलर द्यायला लागले.

तक्रार योग्य दारात न्या

'हा जुगार आहे' म्हणून तक्रार करणं स्वाभाविक वाटतं, पण ती टिकणं देशाच्या कायद्यावर अवलंबून आहे. बेल्जियमच्या जुगार आयोगाने एप्रिल २०१८ मध्ये खेळ, पैज, जिंकणं-हरणं आणि नशीब हे चार घटक तपासून 'फिफा १८', 'ओव्हरवॉच' आणि 'काउंटर-स्ट्राइक'मधल्या पेट्या बेकायदा ठरवल्या, आणि ईएने जानेवारी २०१९ अखेर तिथे फिफा पॉइंट (पेट्या घेण्याचं गेममधलं चलन) विकणं थांबवलं. शेजारच्या नेदरलँड्समध्ये त्याच कंपनीवरचा एक कोटी युरोचा दंड मार्च २०२२ मध्ये वरच्या न्यायालयात रद्द झाला, कारण पेट्या हा स्वतंत्र खेळ नसून मोठ्या खेळाचा भाग आहेत असं ठरलं.

म्हणून आमचा सल्ला असा की बहुतेक ठिकाणी ग्राहक कायद्याचं दार आधी ठोठावा. खोटी किंवा लपवलेली शक्यता, दिशाभूल करणारी किंमत, मुलांकडून परवानगीशिवाय झालेली खरेदी या गोष्टी सिद्ध करायला जुगाराची व्याख्या लागत नाही. जानेवारी २०२५ मध्ये 'गेन्शिन'च्या प्रकाशकाने एफटीसीशी केलेल्या समझोत्यात २ कोटी डॉलर भरणं आणि १६ वर्षांखालच्यांना पालकांच्या संमतीशिवाय पेट्या न विकणं मान्य केलं. वयाचं रेटिंग हा तिसरा मार्ग. ईएसआरबी (अमेरिका) आणि पेगी (युरोप) या रेटिंग संस्था एप्रिल २०२० पासून 'यादृच्छिक वस्तू' असा वेगळा शिक्का मारतात, आणि ऑस्ट्रेलियात २२ सप्टेंबर २०२४ पासून पैशांच्या नशीबपेट्या असलेल्या नव्या गेमला किमान एम रेटिंग (१५ वर्षांखालच्यांसाठी शिफारस नाही) मिळतं. पेट्या आहेत आणि शिक्का नाही असं दिसलं तर रेटिंग संस्थेला थेट कळवा. ही तक्रार कमी कष्टाची आहे, कारण चूक एका स्क्रीनशॉटमध्ये दिसते.

विरोध कशामुळे फसतो

धमक्यांमुळे, सगळ्यात आधी. दुकानाच्या किमती कम्युनिटी मॅनेजर (खेळाडूंशी बोलणारा कंपनीचा माणूस) ठरवत नाही, पण शिव्या आणि धमक्या त्यालाच मिळतात. माणुसकी म्हणून हे चूकच आहे, आणि हेतूच्या दृष्टीनेही घातक आहे: एक धमकी पुढे आली की बातमी तिची होते, चर्चेची जागा कुलूपबंद होते आणि पेट्यांचा विषय मागे पडतो. तुमच्या गटात कोणी असं लिहिलं तर ते लगेच काढा आणि उघडपणे नाकारा.

दुसरं म्हणजे अर्ध्या माघारीवर समाधान. 'तात्पुरतं बंद' या शब्दांवर नेहमी पुढची तारीख विचारा. किंमत उतरली की बक्षिसं तपासा, पेटी गेली की तिच्या जागी आलेल्या वस्तूची थेट किंमत तपासा. डिसेंबर २०१९ मध्ये 'रॉकेट लीग'ने पेट्या काढून ब्लूप्रिंट (ठरलेल्या किमतीला बनवून घ्यायच्या वस्तूचे आराखडे) आणले. आता काय मिळणार ते आधी दिसत होतं, ही खरी सुधारणा. पण किमती इतक्या चढ्या होत्या की पुन्हा विरोध झाला आणि त्या कमी कराव्या लागल्या.

कंपनीने मागणी पूर्ण केली, आणि ती तुम्ही स्वतः दुकान उघडून तपासली, तर नकारात्मक रिव्ह्यू त्याच दिवशी बदला आणि का बदलला ते लिहा. हे काम बहुतेक लोक विसरतात. रिव्ह्यू तसाच राहिला तर माघार घेऊनही स्कोअर सुधारत नाही असं कंपनीतल्या हिशोब करणाऱ्याला दिसतं, आणि पुढच्या वेळी खेळाडूंची बाजू आत मांडणाऱ्या डेव्हलपरच्या हातात दाखवायला काहीच उरत नाही. सामायिक शीट मात्र बंद करू नका. त्यात पुढच्या तीन अपडेटच्या तारखा टाकून ठेवा आणि प्रत्येक अपडेटनंतर दुकान, शक्यता आणि बक्षिसं कोण तपासणार, त्याचं नाव समोर लिहा.